दीड वेढा कापा आणि रस्ता अडवा

परवा सिंहगड रस्त्यावर ज्या पांढऱ्या सेडानने एक गतिरोधक तिरका ओलांडायला दोन्ही लेन अडवल्या, तिच्या मालकांस हे मार्गदर्शन सादर अर्पण. इतर होतकरूंनीही लाभ घ्यावा.

गाडी बुटकी करायची तर लोअरिंग स्प्रिंगचा सेट, आखूड बंप स्टॉप, जुळणारे शॉकअप असल्या खर्चात पडू नका. गॅरेजात सांगा, ‘स्प्रिंगचा दीड वेढा उडव.’ सहा वेढ्यांतला दीड गेला की स्प्रिंग एक तृतीयांशाने ताठ होते, शॉकअप मात्र जुन्याच हिशेबाचा राहतो. मग गाडी टप्पे खाते. हिलाच स्पोर्टी राइड म्हणतात. कापायला ग्राइंडरपेक्षा गॅस कटर उत्तम. आचेने पोलादाचं पाणी उतरतं आणि स्प्रिंग पुढे आपणहून बसत जाते, म्हणजे उरलेलं लोअरिंग फुकटात!

कापलेलं टोक स्प्रिंगच्या बैठकीच्या वाटीत नीट बसत नाही. मागचं चाक खड्ड्यात लोंबकळलं की आखूड स्प्रिंग सैल होऊन सरकते, खट्ट वाजते. म्युझिक वाढवा.

लोअर आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे, बोल्ट गाडी जॅकवर असतानाच करकचून आवळा. चाकं जमिनीवर टेकवून, नव्या उंचीला आवळले तर रबरी बुश पिळले जात नाहीत, लवकर फाटत नाहीत. मग गॅरेजवाल्याने खायचं काय?

चाकांचं अलाइनमेंट नकोच. टायर आतल्या कडेने तारा दिसेपर्यंत झिजतात, पण लोक बघतात बाहेरून.

हँडलिंगचं म्हणाल तर ते सुधारतंच, विचारा कुणालाही. फक्त मॅकफर्सन स्ट्रटला, म्हणजे पुढच्या चाकावरच्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीला, विचारू नका. गाडी खाली आली की लोअर आर्म आडवा होतो, मग बाहेरच्या टोकाला वर उचलला जातो. गुरुत्वमध्य दोन बोटं उतरला तर रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, त्याहून जास्त उतरतं. दोघांतलं अंतर वाढतं, आणि पहार लांब झाली की धोंडा सहज कलतो. चाक वळवणाऱ्या टायरॉडचाही कोन बिघडतो, त्यामुळे खड्ड्यात स्टिअरिंग स्वतःच्या मताने वळतं.

आता ग्राउंड क्लिअरन्स. आपल्याकडच्या बहुतेक सेडानना साधारण १६५-१७० मिलिमीटर असतो. कंपनीचे इंजिनिअर भित्रे, दुसरं काय. त्यातले ५० तुम्ही उडवलेत, राहिले ११५-१२०. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुस्तकातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे रिकामी गाडी कागदावर पार. पण मागे आईबाबा आणि मावशी, डिकीत आंब्याच्या दोन पेट्या, वर सीएनजीची टाकी? आणि आपल्या गल्लीतला गतिरोधक पुस्तक वाचून झालेला नसतो. उरलेलं डांबर ओतलं, झाला गतिरोधक, पांढरा पट्टासुद्धा नाही. त्याला शिव्या घालायच्या तर चला, मीही येतो. पण तो तिथेच राहणार आहे हे माहीत असून तुम्ही इंजिनखालचं ऑइलचं चेंबर त्याच्या तोंडी दिलंत ना! ते फुटलं की ऑइलची लाल बत्ती लागते, ‘घरापर्यंत जाईल’ म्हणत आपण हाकतो आणि इंजिन जाम. इन्शुरन्सवाला मग पहिलं हेच विचारतो, बत्ती लागल्यावर गाडी चालवलीच का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वगैरे वाचू नका. १८२अ खाली एकेका बेकायदा फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, उगाच मूड जातो.

बास झालं. अरे बाबा, गाडी वळणावर कलते ना? मग आधी टायर बघ, त्यांची हवा बघ. लाखभर किलोमीटर झालेले शॉकअप, लिंक रॉड आणि बुश बदल, अलाइनमेंट कर. निम्मी तक्रार तिथेच संपेल. तरीही खाली घ्यायचीच हौस असेल तर तुझ्याच मॉडेलचा तयार सेट घे, २५ मिलिमीटरवर थांब, आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याकडे आधी विचार, हेडलाइटचा झोत पुन्हा लावून घे. कटर लावू नकोस. मागच्या सीटवर तुझी आई बसते, प्रत्येक खड्डा तिच्या मणक्यातून जातो आणि ती काही बोलत नाही. आणि गतिरोधकावर तिरका उभा राहून मागच्यांना हात दाखवतोस तो आधी खाली घे.