स्थळे पाहणे

आमच्या घरात गेली चार वर्षे 'स्थळ' हा शब्द दार लावून घेतल्याशिवाय उच्चारता येत नाही. लेक एकतीस वर्षांची, नोकरी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेट परगण्यात, आणि स्थळांविषयीची तिची भूमिका पहिल्यापासून ठाम: ती पाहणार नाही आणि आम्हीही पाहायची नाहीत. त्यामुळे या मे महिन्यात आम्ही उभयता तिच्याकडे डॉर्चेस्टरला गेलो आणि दुसऱ्याच सकाळी "चला, आज स्थळं बघायला जाऊ," असे ती आपण होऊन म्हणाली, तेव्हा सौभाग्यवतींच्या हातातली कपबशी हिंदकळली. खुलासा लगेच झाला. स्थळे अ‍ॅबट्सबरी नावाच्या खेड्यातली आणि आसपासची होती. त्यांतले वयाने सर्वांत लहान स्थळ १८४४ सालचे होते आणि तेही दगडी होते.

"जवळच आहे, बाबा," असे तिने सांगितले आणि नकाशाप्रमाणे ते खरेही होते, कारण अंतर जेमतेम चौदा किलोमीटर होते. मात्र तिथल्या आडरस्त्यांची रुंदी एका गाडीची असून दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची झुडपांची कुंपणे असतात. समोरून गाडी आली की आपल्याकडे 'आधी मागे कोण घेतो' यावर दोघांचेही शौर्य पणाला लागते. तिथे सौजन्य पणाला लागते, आणि सौजन्याला वेळ फार लागतो. आमच्या गाडीने मागे घेतले, समोरच्यानेही मागे घेतले. मग दोघांनी एकदमच पुढे घेतले आणि दोघे दचकून थांबले. असे तीनदा झाल्यावर आमच्या पाठीमागे एक ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. सौभाग्यवतींची रामरक्षा तोवर एकदा म्हणून झाली होती.

वाटेत टेकडीवर हार्डी स्मारक लागले. डॉर्चेस्टर ही कादंबरीकार थॉमस हार्डींची भूमी. कॉलेजात त्यांची एक कादंबरी परीक्षेला असल्यामुळे मी तो बहात्तर फुटी मनोरा पाहून हात जोडले आणि या माणसाने आमच्या पिढीला किती रडवले याविषयी दोन शब्दही बोललो. लेकीने ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग सांगितले, की हे स्मारक दुसऱ्याच थॉमस हार्डींचे आहे. ते आरमारातले, ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सनच्या जहाजाचे कप्तान. मनोऱ्याच्या पायऱ्या ठरावीक दिवशीच उघडतात आणि तो दिवस आमचा नव्हता. ज्यांचे नाही त्यांना नमस्कार करून आणि ज्यांचे आहे त्यांना न भेटता आम्ही टेकडी उतरलो.

अ‍ॅबट्सबरी हे पाचशेच्या आसपास वस्तीचे, मधाच्या रंगाच्या दगडी घरांचे गाव आहे. पुष्कळ घरांवर अजून गवताची शाकारणी आहे. इथे बेनेडिक्टाइन साधूंचा मठ होता. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३९ साली, तो बंद झाला आणि त्याचे दगड गावातल्या घरांना लागले, म्हणजे तो नाहीसा झाला म्हणण्यापेक्षा गावाने वाटून घेतला म्हणणे अधिक बरोबर. उरलेल्या भिंतीच्या तुकड्यासमोर लोक बराच वेळ माना वाकड्या करून उभे होते. पडक्या भिंती पाहण्याचा सराव पुणेकराला शनिवारवाड्यामुळे असतोच. आम्ही चार मिनिटांत आटोपले.

खरे स्थळ पुढे होते. गावाच्या खालच्या अंगाला फ्लीट नावाचे खाऱ्या पाण्याचे लांबट सरोवर आहे आणि त्याच्या काठी सहाशेहून अधिक हंसांची वसाहत आहे. हंस म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर सरस्वती येते, दूध आणि पाणी वेगळे करणारी चोच येते. मठातल्या साधूंच्या डोळ्यांसमोर मात्र ताट येत असे. मेजवानीसाठी त्यांनी हे पक्षी पाळले, त्याचा लेखी दाखला १३९३ सालचा आहे, आणि पुढे १५९२ साली या हंसांच्या मालकीवरून खटलाही झाला. (हे ऐकून मला त्या गावाविषयी प्रथमच आपुलकी वाटली.) सौभाग्यवतींना मात्र साधूंशी वा कोर्टाशी कर्तव्य नव्हते. दमयंतीपुढे नळाचे गुणवर्णन करून ते लग्न जुळवणारा हंसच होता, हे त्यांच्या मनात आले असावे, कारण पायवाटेलगतच्या एका घरट्यावर बसलेल्या धिप्पाड पक्ष्याकडे त्या वधूसूचक मंडळाच्या संचालकाकडे पाहावे तशा आशेने पाहत राहिल्या. एकदा जोडी जमली, की हे पक्षी बहुधा वर्षानुवर्षे एकत्र राहतात, हे फलकावर वाचल्यावर तर त्यांनी ते वाक्य लेकीला मोठ्याने मराठीत करून सांगितले. "आई, पिल्लं बघ किती गोड आहेत," लेक म्हणाली. आईने पिल्ले पाहण्यासाठी एक पाऊल पुढे टाकताच त्या मध्यस्थाने मान ताठ केली, पंख फुगवले आणि प्रेशर कुकरची शिटी सैल झाल्यासारखा फुत्कार टाकला. या जातीला इंग्रजीत 'मूक हंस' असे नाव आहे.

तिथून समुद्र "अगदी जवळ". चेसिलचा किनारा सुमारे २९ किलोमीटर लांब आहे आणि त्यावर वाळू नाही. जिकडे पाहावे तिकडे गोटे आहेत; 'चेसिल' या शब्दाचे मूळच जुन्या इंग्रजीत 'खडी' असे आहे. म्हणजे व्हिसाच्या रांगेत उभे राहून, विमानात दहा तास पाय आखडून आम्ही ज्याच्यावरून चालायला आलो होतो, ते आमच्या गल्लीत महानगरपालिकेने दोन वर्षे टाकून ठेवले आहे. फरक एवढाच, की इथली खडी समुद्राने निवडून, प्रतवारी लावून ठेवली आहे: पश्चिमेच्या टोकाला वाटाण्याएवढी, मग वाढत वाढत पूर्वेला पोर्टलंडपाशी बटाट्याएवढी. जुने चोरटे व्यापारी काळोखात होडी लावताना नुसता गोटा हाती घेऊन आपण कुठे लागलो ते ओळखत, असे सांगतात. मला भर उजेडात माझा डावा बूट कुठे आहे ते कळत नव्हते. पाऊल टाकले, की ते घोट्यापर्यंत आत जाई आणि निम्मे मागे येई. अशा हिशेबाने पाण्यापर्यंत पोहोचायला एक पुरणपोळी जिरेल एवढे श्रम पडले. पोटात मात्र तिखटमिठाच्या दोन पुऱ्याच होत्या, कारण तिसरी वाऱ्याने नेली.

सौभाग्यवतींनी तेवढ्यात सुपारीएवढे पाच गोल गोटे निवडून पदरात बांधले. सागरगोट्यांसाठी असे गोटे त्यांनी लहानपणानंतर पाहिले नव्हते. इथले गोटे उचलून नेणे बेकायदेशीर असल्याचे लेकीने सांगताच त्यांनी ते एकेक करून, जिथले तिथे, परत ठेवले. २९ किलोमीटरांच्या खडीत जिथले तिथे म्हणजे कुठे, हे त्यांनाच ठाऊक.

शेवटचे स्थळ टेकडीवर होते: संत कॅथरीनचे चौदाव्या शतकातले दगडी प्रार्थनामंदिर. मठ गेला तरी हे राहिले, कारण समुद्रावरच्या नावाड्यांना त्याची खूण उपयोगी होती, असे म्हणतात. मेंढ्या चुकवत, धापा टाकत वर पोहोचलो तेव्हा भुरभुर पाऊस सुरू झाला होता. आत काहीही नाही. मूर्ती नाही, बाकही नाहीत. लेक फोनवरची माहिती वाटाड्याच्या उत्साहाने वाचून दाखवू लागली, की पूर्वी गावातल्या मुली दक्षिणेच्या दारापाशी यायच्या, भिंतीतल्या एका खोबणीत गुडघा टेकायच्या, दोन खोबण्यांत हात घालायच्या आणि संत कॅथरीनकडे मागायच्या... इथे ती एकदम थांबली, पण फार उशीर झाला होता.

"काय मागायच्या?" सौभाग्यवतींनी विचारले.

नवरा मागायच्या. देखणा दे, श्रीमंत दे, चांगला दे, लवकर दे. आणि त्यातले काही जमत नसेल तर कोणीही दे, कारण कोणीच नसण्यापेक्षा कोणीही बरा.

"मी गाडीत जाऊन बसते," असे म्हणून लेक टेकडी उतरू लागली. सौभाग्यवतींनी खोबण्यांची पाहणी केली. त्यांच्या उजव्या गुडघ्याचे गेल्याच वर्षी ऑपरेशन झाले आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"अहो, तुम्ही."

चौसष्टाव्या वर्षी, भिजत्या स्वेटरमध्ये, मी डॉर्सेटच्या एका टेकडीवर गुडघा आणि दोन्ही हात भिंतीत घालून मराठीत नवरा मागू लागलो. श्रीमंतपर्यंत आलो होतो, तेवढ्यात कुत्र्याला फिरवणारे एक वयस्क इंग्रज जोडपे दारात आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग आभाळाकडे पाहिले.

"छान हवा आहे, नाही?" गृहस्थ म्हणाले.

"फारच छान," मी गुडघा न काढता उत्तर दिले.

ते गेले. सौभाग्यवतींनी पदराने माझ्या चष्म्यावरचे पाणी पुसले आणि म्हणाल्या, "मध्येच बोललात ना? आता पुन्हा पहिल्यापासून."