सिंपल म्हणे!

आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी एक संध्याकाळ लहान मुलांच्या फनफेअरची असते आणि त्यात दरवर्षी तेच तेच, लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, फुगे फोडा. जुलैच्या मीटिंगमध्ये समोसा खाता खाता मी बोलून गेलो की यंदा कॉम्प्युटर गेम ठेवूया, मीच बनवतो, वरून मोदक पडणार आणि खाली उंदीरमामा ते पकडणार, त्यात काय एवढं. सेक्रेटरींनी ते लगेच मिनिट्समध्ये लिहून घेतलं. बंद पडलेल्या लिफ्टचं मी तीन मीटिंगा सांगतोय ते लिहून घेत नाहीत, हे मात्र घेतलं.

आता मी कोण, तर अकाउंट्सवाला माणूस. २००२ साली कॉलेजसमोरच्या क्लासमध्ये टर्बो सी (सी भाषेत प्रोग्राम लिहायचं जुनं सॉफ्टवेअर) शिकलो होतो, ती निळी स्क्रीन, पिवळी अक्षरं, इनिटग्राफ लिहून बीजीआय फोल्डरचा पत्ता दिला की स्क्रीनवर मस्त गोल काढता यायचा. तो गोल मी क्लासमधल्या एका मुलीला दाखवला होता आणि ती चक्क इम्प्रेस झाली होती. सध्या ती मुलगी आमच्या किचनमध्ये खलबत्त्यात चटणी कुटत असते, कारण मिक्सरचा कपलर तुटलाय आणि तो आणून बसवायचं काम श्रावण लागल्यापासून माझ्याकडे आहे.

पुण्याच्या भाच्याला फोन केला, तो इंजिनिअरिंगला आहे. म्हणला, "मामा, टर्बो सी आता म्युझियममध्ये असतं, तुम्ही एसडीएल घ्या." एसडीएल म्हणजे सिंपल डायरेक्टमीडिया लेयर. खिडकी उघडणं, चित्र दाखवणं, कीबोर्ड-माउस-जॉयस्टिक वाचणं, आवाज काढणं, ही सगळी कामं विंडोजवर वेगळी, लिनक्सवर वेगळी, मॅकवर अजून वेगळी असतात, ती सगळीकडे एकाच पद्धतीने करून देणारी लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा साठा. सॅम लँटिंगा नावाच्या माणसाने १९९८ साली सुरू केली, फुकट आहे, मोठमोठे गेम हिच्यावर चालतात. नावातच सिंपल आहे म्हणल्यावर मी निर्धास्त झालो. (आमच्याकडे जो माणूस "साधंच आहे हो सगळं" म्हणून जेवायला बोलावतो त्याच्याकडे हमखास सोळा पदार्थ असतात, हे तेव्हा आठवायला हवं होतं.)

पहिल्या रात्री पहिली चूक केली ती म्हणजे नेटवर जो पहिला धडा दिसला तो उघडून टाइप करत सुटलो. दीडशे ओळी अगदी स्वल्पविरामासकट उतरवल्या आणि कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम करून देणारा, म्हणतो सेटव्हिडिओमोड काय असतं मला माहीत नाही. दोन तास मी स्पेलिंग तपासतोय. मग कळलं की तो धडा एसडीएल १.२ चा आहे, २०१३ मध्ये एसडीएल २ आलं तेव्हा ते फंक्शनच काढून टाकलं, आणि २०२५ पासून तर एसडीएल ३ पण आलंय ज्यात अजून बऱ्याच गोष्टींची नावं बदललीत. म्हणजे आजीच्या वहीतली रेसिपी बघून स्वयंपाक करायला बसावं आणि त्यात "चार आण्याची कोथिंबीर" लिहिलेलं असावं तसं झालं. भाचा म्हणला दोनच घ्या, दोनवर धडे जास्त आहेत. घेतलं दोन.

आता डाउनलोड करायला जावं तर झिप दोन, एक व्हिज्युअल स्टुडिओवाल्यांसाठी आणि एक मिनजीडब्ल्यूवाल्यांसाठी (विंडोजवरचे दोन वेगळे कंपायलर). मी मिनजीडब्ल्यूवाला आहे हे मला त्याच दिवशी कळलं. झिप उघडली तर आत परत दोन फोल्डर, एकाचं नाव आय-६८६-डब्ल्यू-६४-मिनजीडब्ल्यू-३२ आणि दुसऱ्याचं एक्स-८६-६४-डब्ल्यू-६४-मिनजीडब्ल्यू-३२. माझा लॅपटॉप ६४ बिटचा, कंपायलर ६४ बिटचा, एवढं मला ठाऊक होतं. पण दोन्ही नावांत ६४ आहे, दोन्हीत ३२ पण आहे, आता माणसाने काय करावं? मी अकाउंट्सच्या बुद्धीने ६८६ हा आकडा ८६ पेक्षा मोठा म्हणून तो घेतला. तो ३२ बिटचा निघाला. हे अर्थात मला तेव्हा कळलं नाही, सहा रात्रींनी कळलं.

बरं, सगळं डेस्कटॉपवर "नवीन फोल्डर" मध्ये टाकलं आणि कंपाइल केलं. फेटल एरर, एसडीएल डॉट एच नो सच फाइल. अरे ही काय समोर दिसतेय! बायकोला बोलावून दाखवली, तिला पण दिसली. पण कंपायलरला नाही दिसत, त्याला मायनस आय लावून पत्ता द्यावा लागतो, आमच्या घरात मला मीठ सापडत नाही आणि "तुमच्या नाकासमोर आहे" असं ऐकावं लागतं तसंच, फरक इतकाच की इथे ऐकवणारा मी होतो. पत्ता दिला तरी रडगाणं तेच, कारण "नवीन" आणि "फोल्डर" च्या मध्ये जी मोकळी जागा आहे तिथे त्याला वाटतं की पत्ता संपला आणि पुढचा "फोल्डर" हा कोणी वेगळाच इसम आहे. मग सगळं उचलून सी ड्राइव्हमध्ये ठेवलं, नाव एकच शब्द, लायब्ररीचा पत्ता मायनस एल मध्ये दिला, झालं.

झालं कसलं, आता लिंकर आला, म्हणजे माझी फाइल आणि लायब्ररी एकमेकांना जोडणारा. तो म्हणतो स्किपिंग इनकम्पॅटिबल आणि मग म्हणतो कॅनॉट फाइंड. म्हणजे सापडली, बघितली, नाक मुरडलं आणि परत सापडली नाही म्हणून सांगितलं. हे तर मुलगी बघायला आलेल्यांसारखं झालं, "पत्रिका पोचलीच नाही हो." भाच्याला स्क्रीनचा फोटो पाठवला तर म्हणला, "मामा, तुम्ही ३२ चं फोल्डर घेतलंय." सहावी रात्र ती हीच. दुसऱ्या फोल्डरचा पत्ता घातला, एन्टर मारला आणि एकदम पंचवीस ओळी एरर, अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसडीएल इनिट, टू एसडीएल क्रिएटविंडो, टू सगळंच.

इथे एक गोष्ट कळली आणि खरं सांगतो ती मला फार आवडली. लिंकर सगळं डावीकडून उजवीकडे वाचतो आणि ज्या क्षणी ज्याची गरज आहे तेवढंच उचलतो. मी लायब्ररी आधी लिहिली होती आणि माझी फाइल नंतर. म्हणजे लायब्ररी वाढायला आली तेव्हा पानावर कोणी बसलंच नव्हतं, ती पुढे निघून गेली, मग माझी फाइल येऊन बसली आणि "वाढा, वाढा" म्हणून ओरडायला लागली. आधी पान, मग मिनजीडब्ल्यू३२, मग एसडीएल२मेन, मग एसडीएल२, हा वाढपाचा क्रम. मीठ-लिंबू डावीकडे, भाजी उजवीकडे, हे चुकलं की आईच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते लिंकर पंचवीस ओळींत लिहून काढतो.

क्रम लावला तर पंचवीसच्या जागी एकच एरर उरला. अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसडीएल मेन. मी तर एसडीएल मेन नावाचं काही लिहिलंच नव्हतं! माझं साधं मेन होतं, प्रोग्राम जिथून सुरू होतो ते. तर भानगड अशी की तुम्ही एसडीएलची हेडर (तीच ती एसडीएल डॉट एच) घेतली की विंडोजवर ती तुमच्या मेनचं नाव गुपचूप बदलून एसडीएल मेन करते. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहितात ना, अगदी तसं, फक्त इथे नवरीला सांगत नाहीत. विंडोजच्या दारात लागतं विनमेन, ते एसडीएल२मेन पुरवतं आणि ते आत जाऊन नाव बदललेल्या तुमच्या मेनला हाक मारतं. आणि ती हाक नीट पोचायला मेनच्या कंसात आर्गसी आणि आर्गव्ही दोन्ही असावे लागतात, वापरा नका वापरू, मांडवात हजर पाहिजेत. मी कंस रिकामा ठेवला होता, टर्बो सीची सवय. पण माझी फाइल सी प्लस प्लसची, आणि सी प्लस प्लस म्हणतं रिकाम्या कंसाचा मेन वेगळा आणि भरल्या कंसाचा वेगळा, आम्ही याला ओळखत नाही. टाकले दोघे. कंपाइल झालं. एकही एरर नाही. रात्रीचे पावणेदोन, मी खुर्चीतच एकटा टाळ्या वाजवल्या तर आई आतून म्हणाली, "मच्छर का रे?"

डबल क्लिक केलं. एसडीएल२ डॉट डीएलएल वॉज नॉट फाउंड.

डीएलएल म्हणजे लायब्ररीचा खरा ऐवज, तो चालवायच्या वेळी एक्झीच्या, म्हणजे तयार प्रोग्रामच्या, शेजारी बसलेला लागतो. नवरदेव मांडवात आणि भटजी अजून टेम्पोत, असं माझं झालं होतं. शोधली, कॉपी केली, परत डबल क्लिक, आता नवीनच पाटी. झिरो एक्स सी, मग पाच झिरो, मग सात आणि बी. बास. पुढे काही नाही, कोण, का, काही नाही. सातबारा असता तर तलाठ्याकडे तरी गेलो असतो, हे सात-बी घेऊन कुणाकडे जायचं? आमच्या विंगमध्ये सात-बी आहे पण त्यांच्याशी पार्किंगवरून बोलणं बंद आहे. दोन रात्री त्यात गेल्या. तर डीएलएल मी कुठून उचलली होती, त्याच त्या आधीच्या ६८६ वाल्या फोल्डरमधून. ६४ बिटच्या प्रोग्रामला ३२ बिटची डीएलएल. ते फोल्डर मग मी रिसायकल बिनमध्ये टाकलं आणि बिन पण रिकामी केली, तरी स्वप्नात यायचं.

दहाव्या रात्री खिडकी उघडली. आणि मिटली. पापणी लवते तेवढ्यात. काम संपलं की प्रोग्राम जाणारच, म्हणून एसडीएल डिले लावून दहा सेकंद थांब म्हणलं, तर थांबली पण वर लिहून आलं नॉट रिस्पॉन्डिंग. कारण विंडोज मधून मधून विचारत असतं काय हो बरंय ना, कोणी क्लिक केलंय, बंद करायचंय का, आणि आपण त्याला उत्तर दिलं नाही की ते समजतं माणूस गेला. त्यासाठी पोलइव्हेंटचा लूप लागतो, सतत हूं, हूं म्हणत राहणारा. हा लूप मला लगेच जमला, पंधरा वर्षांचा संसार आहे.

तर अशी ती खिडकी. स्थिर, ८०० बाय ६००, काळी. घरातल्या सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. बायकोने पदराला हात पुसत बघितलं आणि म्हणाली, "टीव्ही बंद केला की पण असंच दिसतं."

मी म्हणलं अगं हे मी बनवलंय.

"तेव्हा निदान गोल तरी होता," ती म्हणाली आणि परत खलबत्त्याकडे गेली.

पुढचं भराभर सांगतो. मोदकाचं चित्र पीएनजी होतं, एसडीएल २ ला स्वतःहून फक्त बीएमपी उघडता येतं, पीएनजीसाठी एसडीएल इमेज वेगळं, त्याची झिप वेगळी, आत पुन्हा तीच दोन फोल्डरं (या वेळी मी चष्मा पुसून वाचलं). मोदक खाली पडायच्या ऐवजी वर जायला लागले, कारण शाळेत वाय वर वाढतो आणि इथे शून्य वरच्या कोपऱ्यात असून वाय खाली वाढतो. आई बघत होती, म्हणाली, "असू दे की, बाप्पाकडेच चाललेत." मी तरी चिन्ह बदललं.

फनफेअरच्या संध्याकाळी क्लबहाउसमध्ये प्रोजेक्टर, सोसायटीचा लॅपटॉप, समोर चाळीसेक पोरं. मी पेन ड्राइव्हमधून एक्झी कॉपी केली, ऐटीत डबल क्लिक केलं, आणि भिंतीवर आठ फूट रुंद अक्षरांत आलं, एसडीएल२ डॉट डीएलएल वॉज नॉट फाउंड. पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं गेमचं नाव आहे. मी चार मजले चढून घरी. दोन्ही डीएलएल घेऊन खाली आलो तर आता लिबएसटीडीसी प्लस प्लस सापडत नाही, तो कंपायलरबरोबरचा ऐवज, माझ्याकडे कायमच घरात असल्याने कधी जाणवलाच नव्हता, आणि मघाशी मी पहिली पाटी बघूनच पळालो होतो, तिच्यामागे दुसरी पाटी उभी होती. परत चार मजले. खाली आलो, खिडकी उघडली, काळी, कारण चित्रांचं फोल्डर वरच. सेक्रेटरी जिन्यात भेटले, म्हणाले, "दमलात हो." मी म्हणलं लिफ्ट. ते म्हणाले पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ. तोपर्यंत खाली संगीत खुर्चीच्या दोन फेऱ्या उरकल्या होत्या.

पण लागला गेम. भिंतीवर उंदीरमामा आला, वरून पहिला मोदक पडला, एका चिमुरडीने उजवा बाण दाबला आणि मोदक पकडला आणि चाळीस पोरं एकदम ओरडली. मी घामाने थबथबलेला, बायको मागे उभी, आणि खोटं नाही सांगत, क्षणभर तिचा चेहरा २००२ सारखा झाला होता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एकाने विचारलं, "काका, याला आवाज नाही का?"

"आवाजासाठी वेगळं असतं रे," मी म्हणलं, "त्याला मिक्सर लागतो. एसडीएल मिक्सर. उद्याच बसवतो."

मागून आवाज आला, "कुठला?"