सिंगर ३१ के शिलाई मशीनच्या दुरुस्तीबद्दल आमच्या दुकानाला दोन स्टार देणाऱ्या ताईंना

नमस्कार ताई. तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. तक्रारी चार आहेत: पंधरा दिवसांचं काम अडतीस दिवसांवर गेलं, साडेतीन हजारांचे ५,९०० झाले, मशीन अजून जड चालतं, आणि वडिलांच्या मशीनवरची सोनेरी अक्षरं गेली. शिवाय जाम झालेलं मशीन 'दुसऱ्या मिस्त्रीने हातोडी मारून तासाभरात मोकळं केलं असतं' असंही म्हणालात.

आधी अक्षरांचं बोलतो. ती आमच्याच हातून गेली. जुन्या सिंगरवर काळ्या रंगावर सोनेरी नक्षी आणि तिच्यावर लाखेचा पारदर्शक हात असतो. ती लाख स्पिरिटने, थिनरने विरघळते आणि नक्षीला बरोबर घेऊन जाते. पुरात भिजल्याने तुमच्या मशीनची लाख आधीच पांढुरकी पडली होती. तिथे साध्या मशीन ऑइलचं बोट आणि मऊ फडकं, एवढंच चालतं. त्या दिवशी मी इचलकरंजीला गेलो होतो आणि दुकानातल्या पोराने थिनर घेतला. पोर नवीन आहे, पण दुकान माझं आहे. त्याला आधी सांगून ठेवायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. नवीन स्टिकर चिकटवून देता येईल, पण तुमच्या वडिलांनी चाळीस वर्षं ज्यावर हात फिरवला ती अक्षरं ती नव्हेत, हे मला कळतं. माफी मागतो.

आता दिवसांचं. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा मशीन पाण्याखाली होतं आणि नंतर माळ्यावर गेलं, हे तुम्हीच सांगितलंत. पूर ओसरतो, गाळ ओसरत नाही. लोण्यासारखा बारीक गाळ शाफ्ट (दांडा) आणि तो ज्यात फिरतो त्या बुशच्या फटीत बसून वाळतो आणि त्याच्या आड गंज धरतो. त्यावर कुणीतरी मायेने खोबरेल ओतलं होतं. खोबरेल थंडीत थिजतं आणि वर्षानुवर्षं राहिलं की डिंकासारखं चिकटतं. म्हणजे एका मशीनला दोन आजार. चिकटलेलं तेल उष्णतेने आणि डिझेलने सुटतं. गंजाला मात्र वेळच द्यावा लागतो.

रोज सकाळी प्रत्येक तेलाच्या भोकात डिझेल आणि ऑइलचं मिश्रण, संध्याकाळी हीट गनने थोडी ऊब, मग चाकाला हात. चाक हललं नाही की सोडून द्यायचं. अकराव्या दिवशी ते जेमतेम सुताभर हललं. तेवढंच पुढे, तेवढंच मागे, असं करत दोन दिवसांनी पाव फेरा झाला. इथे जोर लावला असता तर? मशीनचं अंग बिडाचं आहे. बीड वाकत नाही, तुटतं. तुटलेल्या ३१ केचं अंग मी कुठून आणणार? 'के' म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा किल्बोवी कारखाना, तो १९८० मध्ये बंद झाला.

हातोडीचं म्हणाल, तर ती आमच्या आधी कुणीतरी मारून झाली होती. नीडल बारला, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीला, खालून ठोकलं होतं. टोक छत्रीसारखं पसरलेलं, त्यामुळे बार बुशमधून वर निघेना. टोक कानशीने घासून, गोल करून मग बाहेर काढला आणि नवा घातला. पाटाखाली, कापड सरकवणारे दात हलवणारे शाफ्ट टोकदार स्क्रूंच्या मध्ये टेकलेले असतात. त्यातला एक गंजून आतच मोडला. तो लेथवाल्याकडून ड्रिल करून घेतला. सिंगरच्या स्क्रूंचे आटे वेगळेच असतात, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू दोन फेरे जातो आणि आटे खातो. तसा स्क्रू एका भंगार मशीनमधून मिळेपर्यंत नऊ दिवस गेले.

पैशांचा हिशेब असा: वरच्या २,४०० पैकी नीडल बार, हुक आणि बॉबिन केसचे १,६५०, लेथचे ७५०. हुक-बॉबिन केस लुधियानाकडचे आहेत, जुन्या मालाइतके गुळगुळीत नाहीत, पण टाका नीट पडतो. हे वाढीव खर्च मी तुमच्या भावाला फोनवर सांगितले होते, तुम्हाला सांगितले नाहीत आणि चिठ्ठीवरही लिहिले नाहीत. काम तुमचं, पैसे तुमचे, तेव्हा विचारायला तुम्हालाच हवं होतं. ते माझं चुकलं.

जड चालण्याचं मात्र मी मान्य करणार नाही. तुम्ही टाकलेल्या फोटोत पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणलेला दिसतोय. आमच्याकडून गेला तेव्हा तो बोटाने दाबल्यावर अर्धा इंच दबत होता. पट्टा उतरवा आणि चाक हाताने फिरवून बघा. हलकं फिरलं तर मशीन बरोबर आहे, पट्टा सैल करा. तरी जड वाटलं तर मी घरी येतो, त्याचे पैसे नाहीत. आणि तेल दिलंत का? आताच्या जुकी कंपनीच्या मशीनसारखं यात तेल आपोआप फिरत नाही. रोज शिवत असाल तर रोज प्रत्येक भोकात एक-एक थेंब, मशीन ऑइलचाच. सुईही बघून घ्या. याला गोल दांड्याची लागते. घरगुती मशीनची एका बाजूने चपटी सुई घातली की टाके सुटतात आणि दोष आमच्यावर येतो. (तुम्ही ती घातली असं म्हणत नाही, पण दर महिन्याला एक तरी गिऱ्हाईक घालून आणतं.)

एक स्टार वाढवा असं मी म्हणणार नाही, अक्षरांसाठी दोनच बरोबर आहेत. लेथचे ७५० आणि अक्षरांच्या नुकसानीचे १,००० असे १,७५० रुपये पाकिटात घालून गल्ल्यात ठेवलेत. गुरुवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही या. भावाला पाठवलंत तर आधी मला फोन करा, या वेळी तुम्हाला विचारल्याशिवाय मी ते कुणाच्या हातात देणार नाही.