फीत कापायला पैसा आहे, गवत कापायला नाही

मार्चअखेर जवळ आली की आमच्या साताऱ्यात किल्ल्याच्या पायथ्याच्या पायवाटा कुणाला तरी एकदम आठवतात. मुरूम पडतो, पेव्हर ब्लॉक येतात, व्यायामाची यंत्रं उभी राहतात. वर भला मोठा फलक: अमुक यांच्या प्रयत्नातून, तमुक निधीतून. ३१ मार्चला निधी परत जाऊ नये म्हणून ही सगळी धावपळ.

मग येतो पावसाळा. साताऱ्याचा पाऊस काय असतो हे अंदाजपत्रक करणाऱ्याला कळू नये? कडेला चर काढलेलाच नाही. डोंगराचं पाणी सरळ पायवाटेवरून धावतं, खालची माती घेऊन जातं आणि ब्लॉक दातांसारखे हलायला लागतात. गुडघाभर गवत, दिवे बंद, यंत्रं गंजलेली, आणि वर बिबट्याची भीती. विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं: काम केलं ते खातं वेगळं, जागा दुसऱ्याची, देखभालीची तरतूद कुणाकडेच नाही. मग बांधलं कशाला?

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीपासून बागा, उद्यानं, क्रीडांगणं शहरांच्या कामांच्या यादीत लिहिलेली आहेत. घरपट्टीच्या बिलात वृक्षकर आम्ही निमूट भरतो. तरी एका माळ्याचा पगार निघत नाही!

परवा एकजण म्हणाले, कासला तिकीट आहे तसं इथंही लावा. अजिबात नको. कासवर फुलांच्या हंगामात बाहेरून लोक येतात, त्यांच्याकडून शुल्क घेऊन गावकऱ्यांची समिती पठार सांभाळते, ते योग्यच आहे. पण इथं पहाटे कोण असतं? गुडघे धरून चालणारे आजी-आजोबा, आणि पोलीस नाहीतर सैन्य भरतीसाठी १६०० मीटरची तयारी करणारी खेड्यापाड्यातली पोरं. जिममध्ये भरायला पैसे नाहीत म्हणूनच ती चढावर धावतात. ह्यांच्याकडून तिकीट घ्यायचं? एखाद्या पोराचा पाय उचकटलेल्या ब्लॉकमध्ये मुरगळला तर त्याची अख्खी भरती जाते, त्याची भरपाई कोणत्या निधीतून देणार आहात?

नवीन काहीही मंजूर करू नका. आधी आहे त्याला चर काढा, दिवे लावा. आणि पुढचं काम कराल तेव्हा पाच वर्षांच्या देखभालीचा पैसा त्याच अंदाजपत्रकात धरा. फलकावर फोटो नकोत, जबाबदार माणसाचं नाव आणि फोन नंबर लिहा.