परळच्या दारात बाहेरचा कोण?

मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांत बाहेरगावच्या पेशंटची गर्दी फार. कर मुंबईकराने भरायचा आणि खाट दुसऱ्यालाच मिळायची, तेव्हा बाहेरच्यांकडून जास्त पैसे घ्या, अशी मागणी अधूनमधून होते. तिच्या पाठोपाठ एक वाक्य हमखास येतं: 'लंडनमध्येसुद्धा घेतातच की!' मी इंग्लंडमध्ये राहतो, म्हणून या वाक्यापासूनच सुरुवात करतो. ते अर्धंच खरं आहे.

इथे परदेशी माणसाकडून पैसे घेतात, हे खरं. नोकरीच्या व्हिसावर येणाऱ्या बहुतेक प्रौढांना वर्षाला 1,035 पौंड आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो. भेटीला आलेला पाहुणा रुग्णालयात दाखल झाला, तर बिल साधारण खर्चाच्या दीडपट येतं. अपघात विभागातले उपचार सगळ्यांना मोफत आहेत, पण हे पाहुण्याला कुठे ठाऊक असतं? माझी आई इथे आली असताना तिने ताप तीन दिवस अंगावर काढला. विचारलं तर म्हणाली, 'अरे, इथलं बिल कोण भरणार?' दारावर पैशाची पाटी लागली की आजारी माणूस उशिरा येतो, आणि उशिरा आलेला पेशंट जास्त खर्चाचा असतो.

उरलेलं अर्धं मुंबईत कोणी सांगत नाही. केंटमधला शेतमजूर लंडनच्या मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयात गेला, तर त्याच्याकडून एक पेनी घेत नाहीत. त्याच्या भागासाठी ठरलेल्या सरकारी निधीतून रुग्णालयाला पैसे मिळतात. हिशेब दोन सरकारी कचेऱ्यांमध्ये होतो, पेशंटच्या खाटेपाशी नाही. साताऱ्याची किंवा बीडची बाई मुंबईत परदेशी नाही. लंडनचा दाखला द्यायचाच असेल, तर तो केंटचा द्या.

परळच्या केईएम या पालिकेच्या रुग्णालयाचा इतिहासही या मागणीच्या विरुद्ध साक्ष देतो. त्याआधीचं जे. जे. घ्या. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीत सरकारने भर घातली आणि 1845 मध्ये जे. जे. रुग्णालय व ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. ते गोव्यातल्या मांद्र्याचे, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज मुलखातले. पुढे ह्याच भाऊ दाजींनी मुंबईच्या गोरगरिबांवर मोफत उपचार केले. पण ग्रँट कॉलेजातल्या वरच्या जागा दीर्घकाळ इंडियन मेडिकल सर्व्हिस या ब्रिटिश सरकारच्या वैद्यकीय सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या हातात राहिल्या. गुणवान हिंदी, म्हणजे भारतीय, डॉक्टरला शिकवण्याचा मान मिळणं दुर्मीळ.

म्हणूनच सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली, की केईएमला जोडलेल्या नव्या कॉलेजात शिकवणारे हिंदी असतील आणि ते सरकारी नोकरीतले नसतील. ही अट वाचताना मला आजही अभिमान वाटतो. रुग्णालयाला राजा एडवर्डचं नाव मिळालं, पण 1926 मध्ये उभं राहिलं ते आपल्या माणसांना दारात अडवणारी व्यवस्था मोडण्यासाठी. कॉलेजचे पहिले डीन डॉ. जीवराज मेहता अमरेलीचे. आणि वॉर्डातले पेशंट कोण होते? भोवती गिरणगाव, चाळींत रत्नागिरीचे, साताऱ्याचे, घाटावरचे कामगार. परळला 'मूळचा' पेशंट शोधायला गेलात तर फार थोडे सापडले असते.

शिक्षणाची बाजू तर या चर्चेत येतच नाही. शिकाऊ डॉक्टरांचे हात तयार होतात ते याच गर्दीवर. जिल्ह्यात कोणाला न कळलेला ताप, महिनोन्‌महिने फिरून आलेली गाठ, हे सगळं परळच्या ओपीडीत येतं, म्हणून तिथला निवासी डॉक्टर इतकं पाहतो. 1968 मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी आशियातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं ते केईएममध्ये. असं धाडस करणारी शस्त्रक्रियेची परंपरा एका वॉर्डाच्या मतदारयादीवर उभी राहत नाही.

मुंबईच्या करदात्याची तक्रार मी उडवून लावत नाही. जमिनीवर गादी टाकून झोपलेले पेशंट आणि सलग ड्युटीने थकलेले निवासी डॉक्टर खरेच आहेत. पण ही तक्रार पेशंटच्या नावाने नको, राज्य सरकारच्या नावाने हवी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ठरलेल्या उपचारांचे पैसे रुग्णालयाला मिळतातच, म्हणजे वाट अस्तित्वात आहे. ती ओपीडी आणि साध्या वॉर्डापर्यंत रुंद करा. ज्या जिल्ह्यातून पेशंट आला त्याच्या हिशेबात तो खर्च दाखवून राज्याने पालिकेला भरपाई द्यावी. मग कोणत्या जिल्हा रुग्णालयातून कोणत्या आजाराचे लोक मुंबईला पळतात, तेही मंत्रालयाला कागदावर दिसेल.

गाडगेबाबांनी जे. जे. जवळ धर्मशाळा बांधली, ती गावाहून आलेल्या पेशंटच्या नातलगांसाठी. लोक येणारच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. पालिकेनेही तेच गृहीत धरून राज्याकडे बिल पाठवावं, आणि रात्री दोनला कॅज्युअल्टीत आलेल्या माणसाला आधी आधार कार्डावरचा पत्ता विचारू नये.