लेव्ही स्ट्रॉसने तंबू कापून पँट शिवली नव्हती

'संकटात संधी' छापाचा एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरतोय. आशय असा: लेव्ही स्ट्रॉस नावाचा कफल्लक तरुण सोनं शोधायला कॅलिफोर्नियात गेला. सोनं मिळालं नाही, सोबत नेलेलं तंबूचं कापडही खपेना. मग त्याने त्याच कापडाच्या पँटी शिवून खाणकामगारांना विकल्या, पुढे कापड निळं रंगवलं आणि जीन्स जन्माला आली. शेवटी अर्थातच 'पटलं तर पुढे पाठवा'.

पुढे पाठवण्याआधी तारखा बघू. कॅलिफोर्नियात सटरच्या लाकूडगिरणीजवळ सोनं सापडलं जानेवारी १८४८ मध्ये. लेव्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर उतरला मार्च १८५३ मध्ये. नदीच्या वाळूत थाळी घोळवून सोनं वेचायचे दिवस तोवर सरत आले होते. शिवाय तो खणायला नाही, दुकान मांडायला आला होता.

कफल्लकपणाची गोष्ट अर्धीच खरी. बव्हेरियातल्या बुटेनहाइम गावात त्याचे वडील फिरून माल विकायचे. १८४६ मध्ये ते क्षयाने गेले आणि आई मुलांना घेऊन न्यू यॉर्कला आली. पण तिथे लेव्हीचे सावत्र भाऊ योनास आणि लुई यांचा कापडचोपडाचा धंदा आधीच उभा होता. १८५३ मध्ये चोवीस वर्षांचा लेव्ही पश्चिमेला गेला तो या घरच्या धंद्याचा माणूस म्हणून. बहीण फॅनीचा नवरा डेव्हिड स्टर्नही पुढे धंद्यात आला. मागे भाऊ माल पाठवतायत, पुढे मेहुणा सोबत आहे. याला रिकाम्या हातांनी सुरुवात म्हणायचं असेल तर आपल्याकडचे बरेचसे पेढीवाले त्यात बसतील.

मेसेजवाल्यांना ज्याचा पत्ताच नाही तो भाग खरा रंजक आहे. १८४७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को म्हणजे जेमतेम काहीशे वस्तीचं गाव होतं. लेव्ही पोचला तेव्हा तिथे तीस हजारांहून जास्त लोक होते. १८४९ ते १८५१ या काळात ते पुन्हापुन्हा जळलं आणि पुन्हा बांधलं गेलं. खलाशी सोन्यामागे पळाल्यामुळे बंदरात जहाजं बेवारस पडली, त्यांतली काही लोकांनी चक्क गोदामं म्हणून वापरली. टेलिग्राफ हिलवर एक उंच खांब होता. त्याच्या लाकडी हातांच्या इशाऱ्यावरून कोणत्या प्रकारचं जहाज येतंय ते गावाला कळायचं. बाजाराचं सगळं गणित त्या जहाजांवर होतं. माल तुटला की भाव भडकायचा, एकदम तीन जहाजं लागली की तोच माल लिलावात मातीमोल जायचा. न्यू यॉर्कपर्यंत तार पोचली १८६१ मध्ये आणि रेल्वे १८६९ मध्ये. तोवर मागणीचं पत्र पनामामार्गे बोटीने जायचं. अशा बाजारात न्यू यॉर्कहून घरच्याच माणसांकडून माल येत राहणं, हे लेव्हीचं भांडवल. सदरे, रुमाल, अंतर्वस्त्रं, घोंगड्या घाऊक घ्यायच्या आणि खाणगावांतल्या दुकानदारांना पुरवायच्या, असा त्याचा धंदा होता. कात्री त्याच्या हातात नव्हती, वहीखातं होतं.

मग तंबू आले कुठून? तंबू शिवणारा माणूस खरोखर होता, पण तो जेकब डेव्हिस: मूळचा रिगाचा, नेवाडातल्या रेनो गावात शिंपीकाम करणारा. तंबू, गाड्यांची आच्छादनं, घोड्यांच्या झुली हे त्याचं काम. १८७० च्या अखेरीस एका लाकूडतोड्याची बायको नवऱ्यासाठी टिकाऊ पँट शिवून मागायला आली. झुलींचे पट्टे ठोकायला आणलेले तांब्याचे रिव्हेट, म्हणजे ठोकून पक्के बसवायचे छोटे खिळे, टेबलावर पडले होते. ते त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकले, कारण फाटायची पहिली जागा तीच. पँट तीन डॉलरला गेली आणि मागणी हातात मावेना. कापड होतं डक नावाचं जाड पांढरं सुती, आणि ते आलं होतं लेव्हीच्या पेढीतून. लेव्हीचा त्या पँटीशी संबंध होता तो एवढाच.

या रिव्हेटच्या युक्तीचं पेटंट घ्यायचं तर खर्च ६८ डॉलर. डेव्हिसने जुलै १८७२ मध्ये आपल्या कापडवाल्याला पत्र लिहिलं, नमुन्याच्या पँटी पाठवल्या आणि खर्च तुमचा, हक्कात भागी, असा प्रस्ताव मांडला. लेव्हीने त्याचं मोल ओळखलं आणि तो स्वीकारला. माझ्या मते त्याचं मोठेपण इथे आहे. फुकटचा शोध त्याच्या नावावर चढवायची गरज नाही. २० मे १८७३ ला पेटंट मिळालं, क्रमांक १,३९,१२१, डेव्हिस आणि पेढी या दोघांच्या नावे. तेही पँटीचं नव्हे, डेनिमचंही नव्हे. खिशाची तोंडं पक्की करण्याच्या पद्धतीचं! निळं रंगवण्याचं तर बोलायलाच नको: निळं डेनिम आधीपासून विणलं जात होतं आणि कंपनीचं डेनिम न्यू हॅम्पशायरच्या अमॉस्केग गिरणीतून यायचं. या पँटींचा कारखाना सांभाळायला डेव्हिस सॅन फ्रान्सिस्कोला आला.

भाकडकथेला मोकळं रान मिळालं ते एप्रिल १९०६ च्या भूकंपात आणि आगीत. कंपनीची कागदपत्रं जळाली, लेव्ही तर १९०२ मध्येच वारला होता. पुढे कंपनीच्याच इतिहासकार लिन डाउनी यांनी बाहेरचे कागद धुंडाळून ही तंबूकथा खोडून काढली. आणि मेसेजमधला तो 'तरुण'? पेटंट हातात पडलं तेव्हा लेव्ही चव्वेचाळीस वर्षांचा, वीस वर्षं मुरलेला, चांगला गब्बर व्यापारी होता.