ऑर्डिन-नाश्चोकिन खुशमस्कऱ्या होता का?

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, त्यामुळे उत्तरही लांबलंय. तुमचे आक्षेप दोन. सतराव्या शतकातला रशियन मुत्सद्दी अफानासी ऑर्डिन-नाश्चोकिन याला मी उगाच डोक्यावर घेतलं, कारण बाल्टिक समुद्राचा किनारा रशियाला मिळवून देणं त्याला जमलं नाही, तो पुढे झार पीटरने घेतला. आणि झारला लिहिताना स्वतःला 'तुझा दास अफोन्का' म्हणवणारा माणूस खुशमस्कऱ्याच असणार.

दुसरा आधी घेतो, तो लवकर मिटेल. सतराव्या शतकातल्या मॉस्कोत झारला लिहिताना बडे बोयार, म्हणजे सर्वोच्च सरदारसुद्धा असंच लिहीत. तो दरबारी रिवाज होता. कागदातली चूक किती महाग पडे ते ग्रिगोरी कोतोशिखिनच्या पाठीला ठाऊक. हा परराष्ट्र खात्याचा कारकून. 1660 मध्ये झारकडे गेलेल्या एका कागदात 'महान सार्वभौम' यातलं 'सार्वभौम' लिहायचं राहिलं, तर त्याला छड्यांनी बडवलं. (त्याने पुढे स्वीडनच्या वकिलाला गुप्त कागद विकले. त्याच्यावर एक वेगळा लेख व्हायला हरकत नाही.)

आता बाल्टिक. ऑर्डिन-नाश्चोकिन प्स्कोव्हकडचा, साध्या जमीनदार घरातला. सरहद्दीवर वाढलेला असल्याने बाल्टिकवरच्या रीगा बंदराच्या व्यापाराचं मोल त्याला दरबाऱ्यांपेक्षा जास्त कळत होतं. पोलंडशी मिटवा, समुद्र धरून ठेवा, हा त्याचा धोशा. डिसेंबर 1658 मध्ये वालिएसारला त्याने स्वीडनशी तीन वर्षांचा तह केला आणि लिव्होनियात (रीगाभोवतीच्या बाल्टिक प्रदेशात) जिंकलेली ठाणी तेवढ्यापुरती राखली. पण पोलंडशी युद्ध पुन्हा पेटलं, दोन आघाड्या पेलेनात, आणि 1661 च्या कार्डिसच्या तहात ती सगळी स्वीडनला परत गेली. त्या तहाला त्याचा विरोध होता. मग त्या तहाचं अपयश त्याच्या खात्यावर का मांडायचं? पीटरलाही त्या किनाऱ्यासाठी 1700 ते 1721 लढावं लागलं, आणि तेही पोलंडच्या राजाला मित्र करून.

त्यातच 1660 मध्ये त्याचा मुलगा वोईन परदेशी पळाला. बापाने राजीनामा पुढे केला. झार अलेक्सेईने तो न घेता सांत्वनाचं पत्र लिहिलं: पोरगा तरुण आहे, पाखरासारखा उडेल आणि घरट्याकडे परतेल. 1665 मध्ये तो परतलाही. असा झार लाभलेला माणूस गप्प राहून सुखात म्हातारा झाला असता.

हा राहिला नाही. 1667 मध्ये पोलंडशी झालेल्या आंद्रुसोवोच्या तहाने स्मोलेन्स्क शहर आणि नीपर नदीचा डावा काठ रशियाला मिळाला, तो बोयार झाला, परराष्ट्र खातं हाती आलं. कीव्ह मात्र फक्त दोन वर्षांसाठी मिळालं होतं. मुदत भरली तेव्हा झारला ते सोडायचं नव्हतं. ऑर्डिन-नाश्चोकिनचं म्हणणं एकच: सही केली आहे, शब्द पाळा. 1671 मध्ये खातं गेलं, पुढच्या वर्षी तो प्स्कोव्हजवळच्या क्रिपेत्स्की मठात अंतोनी नावाने भिक्षू झाला. खुशमस्कऱ्याची कारकीर्द अशी संपते का, तुम्हीच सांगा.

स्वभावाने तो कुरकुऱ्या आणि अहंमन्य होता, एवढं मात्र मान्य. परराष्ट्र खात्याच्या कारकुनांनी दारूगुत्त्यांच्या वसुलीत हात घालू नये, अशी तक्रारही त्याने केली होती, आणि ती रास्त होती! राहता राहिलं कीव्ह: ते रशियाकडे रीतसर आलं 1686 च्या तहाने, पोलंडला 1,46,000 रुबल कबूल करून.